गणितात न आलेला एक दिवस

रविवार, २३ ऑक्टोबर २०११
आपलं घर, बाळापूरजवळ

प्रिय आचल,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज होऊन गेलेली असेल. फोन करता आला असता. पण फोनवर तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणते, आणि मग दोघी पलीकडून काही ऐकू येतं का म्हणून नुसत्या कान लावून बसतो. जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणारं नाही. म्हणून सकाळी पणत्या पाण्यात टाकल्या, हात पुसले आणि लिहायला बसले. माझी ओळ वर चढत जाते हे तुला ठाऊकच आहे, कागद थोडा तिरका धरून वाच.

परवा तू म्हणालीस की पुढच्या महिनाअखेर बडोद्याची तेल कंपनीतली नोकरी सोडतेस. पुण्याला कुठल्याशा बँकेचं संगणकाचं काम मिळतंय, ते बरं. मी म्हटलं, तुला पटेल ते कर. तू म्हणालीस, "आई, माझं गणित पडद्यावर उभं राहते न जमिनीवर पडते. ज्या गणितानं आपली बाग जाळली, तेच मी इथं दुसऱ्याच्या विहिरींले लावून राहिली. किती उपसा म्हणून सांगायची वेळ आली की माझी जीभच उचलत नाही." एवढं बोलून तू फोन ठेवलास. बागेचं नाव आपल्या दोघींत किती वर्षांनी निघालं, मला आठवेना. बाबा गेल्यावर तर ते आपण मुद्दामच टाळत आलो.

आज पणत्या भिजवताना सात वर्षांमागची ती दिवाळी आठवली. तू नुकतीच संशोधनाला लागली होतीस आणि घरी आली होतीस. मी अशाच नव्या पणत्या परातीत पाण्यात टाकल्या होत्या, बुडबुडे सोडत होत्या त्या. बाबा दारात बसून पायाला तेल लावत होते. म्हणाले, "बापा! सणाले माणसाच्या आधी दिव्यायची आंघोळ? कावून वं?" मी म्हटलं, कोरी पणती तेल पिते, माझ्या सासूनं शिकवलंय, आधी पाणी पाजलं की मग तेल वरच राहतं. तू हसायला लागलीस. म्हणालीस, "बाबा, मी तिकडं हेच शिकून राहिली! येवढ्यासाठी मले सरकार पैसे देते." बाबा म्हणाले, "मंग तुह्या मायलेच पाठवलं असतं. तिले तर येतेच."

मग तू परातीजवळ बसून सांगितलंस. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल खडकात असतं, पणतीच्या मातीत असावं तसं, डोळ्याला न दिसणाऱ्या भोकांत. त्याच भोकांत खारं पाणीही असतं. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत आणि एकमेकांना जागाही देत नाहीत. ज्या खडकाला आधी पाणी लागलं, त्याच्या भिंती पाण्याच्या. त्यातून तेल सुटून येतं. पण जो खडक पिढ्यान्‌पिढ्या तेलात राहिला, तो तेलाचा होऊन जातो. माझी देवापुढची जुनी पणती तू उचललीस आणि तिच्यावर पाण्याचे थेंब टाकलेस. ते मोत्यासारखे घरंगळून खाली पडले, पणती कोरडीच. तू म्हणालीस, अशा खडकात कितीही पाणी ढकला, पाणी मधल्या वाटेनं निघून जातं आणि तेल भिंतीला धरून बसतं. मला ते लगेच समजलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तू सहावीत गेलीस की तुझी पाचवीची पुस्तकं माझी, असं करत दहावीपर्यंत तुझ्या मागे मागे आले. पुढे तुझी पुस्तकं इंग्रजी झाली आणि माझी वाट बंद झाली. त्या दिवशी परातीजवळ ती पुन्हा थोडी उघडली, म्हणून तो दिवस इतका लक्षात आहे.

बाबांना मात्र दुसरंच काही हवं होतं. त्यांनी विचारलं, संगणकात तू करतेस काय? तू सांगितलंस की खडकाचे मनानं लाखो चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात किती तेल, किती पाणी, किती दाब ते मांडायचं. मग कोणता चौकोन शेजारच्याला किती देतो ते दिवस पुढे सरकवत पाहायचं. बाबा म्हणाले, "म्हणजे वाफेच झाले. एक भरला का दुसऱ्यात फोडाचा." तू म्हणालीस, अगदी वाफेच. आणि तळाशी पाणी, वर तेल अशा जागी नळी घालून जोरानं ओढलं, तर खालचं पाणी नळीच्या तोंडाशी ढिगासारखं वर चढतं. एकदा चढलं की तेल मागे राहतं आणि नळीत नुसतं पाणी येतं. हळू ओढलं तर ढीग बसून राहतो. बाबांनी तेलाची वाटी खाली ठेवली. म्हणाले, "पोरी, हे तर आपल्या विहिरीचं झालं."

आपल्याकडे खारपाण. साऱ्या गावाच्या विहिरी तोंडात धरवत नाहीत अशा. आपलीच काय ती नाल्याच्या काठची, वर गोड्या पाण्याचा एक थर आणि खाली खारं. तिच्या जिवावर बाबांनी लिंबाची बाग धरली होती. तुझ्या आजोबांनी मोट लावली होती तोवर विहीर कधी बिघडली नाही. मोटर आल्यापासून एखाद्या उन्हाळ्यात पाणी मचूळ व्हायचं, पावसाळ्यात पुन्हा सुधारायचं. बाबांनी तुला गळ घातली, तेलाचं राहू दे, आधी हिचं करून दे.

त्या सुट्टीत तू विहिरीत दोराला बाटल्या बांधून सोडल्यास, वेगवेगळ्या खोलीच्या. प्रत्येक बाटली बाबा चाखायचे आणि तू यंत्रानं पाहायचीस. बाबा म्हणायचे, "हे चहाचं. हे गुराचं. हे थू!" तू म्हणायचीस, बाबा, यंत्राचा आकडा न तुमची जीभ एकच बोलून राहिली. मग तू त्यांना मागचं विचारायला बसलीस. कोणत्या वर्षी पाणी खारं झालं, किती दिवस मोटर चालली होती, पाऊस कसा होता. तू म्हणालीस, गणितानं आधी काल काय झालं ते बरोबर सांगितलं पाहिजे, तरच त्याला उद्याचं विचारायचं. बाबांना सन आठवत नव्हते. ते म्हणायचे, सूर्यभानच्या लग्नाच्या उन्हाळ्यात, लाल गाय व्याली त्या साली. तू सगळं लावून घेतलंस. संक्रांतीला तुझा निरोप आला. दिवसाला दोनच तास उपसा, लहान मोटर लावा, मध्ये विहिरीला बसू द्या. आणि ऑटो काढून टाका.

त्या ऑटोचं तू फार बजावलं होतंस. ती वर्षं तुला आठवतात. वीज कधी येईल आणि कधी जाईल ते सांगता यायचं नाही, म्हणून सगळ्यांनी मोटरीला ऑटोची पेटी बसवली होती. वीज आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद, माणूस असो नसो. बाबांनी तुझं ऐकलं. पेटीची तार सोडली. वीज यायची तेव्हा स्वतः विहिरीवर जाऊन बटण दाबायचे, धुऱ्यावर बसून राहायचे, दोन तासांनी बंद करायचे. लोक हसत. शेजारच्या वावरातला डोमाजी म्हणायचा, "खुशालराव, वीज आली न तुमी मोटर बंद करता? पोरीनं काय जादू केली?" बाबा म्हणायचे, "पोरीनं विहिरीच्या पोटात पाहिलं हाय. तुह्या पोरानं पाह्यलं काय?"

एक अख्खं वर्ष झाडं कशी होती, ते तू फार पाहिलं नाहीस. त्या वर्षी तुझं येणं झालं नाही. पानं हातानं पुसल्यासारखी हिरवी आणि बारा महिने फुलाचा वास. आजूबाजूच्या गावांत तेव्हा कोण्या शेतकऱ्यानं फास घेतला, कोणी औषध प्यायलं ते पेपरात रोज यायचं. आमच्याकडेही गाड्या यायच्या, कुणाच्या तरी घराच्या फोटोसाठी. बाबा पेपर उलटा घालून ठेवायचे आणि बागेत जायचे. त्या बागेनं त्यांना ती वर्षं पार करून दिली असती, असं मला वाटायचं.

पुढच्या माघात तुला अमरावतीच्या तुझ्या जुन्या कॉलेजात भाषणाला बोलावलं. तू फोनवर म्हणालीस की सकाळी उतरायचं, दुपारी बोलायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, घरी यायला वेळच नाही. भाषणाच्या दिवशी मी चांदूर रेल्वेला भावाकडे बारशाला गेले होते. दोन दिवसांनी तुझा तिथे फोन आला. भाषण छान झालं म्हणालीस. आणि हसत सांगितलंस, "आई, आपल्याकडे पाहुण्याले शाल-नारळ देतात ना? मले तर वरून पिशवीभर लिंबं भेटली. गेस्टहाउसच्या खोलीत टेबलावर. चपराशाले विचारलं तर म्हणे, कोणी ठेवून गेलं." आपण दोघी हसलो. मी म्हटलं, सरबत कर.

मी परत आले तेव्हा मोटर विहिरीवर नव्हती. बाबा म्हणाले, कॉइल गेली, अकोल्याच्या सत्तारभाईकडे नवी तार भरायला टाकली. मोटरी जळायच्याच तेव्हा, मी काही पुढे विचारलं नाही. मोटर आली, पुन्हा तेच दोन तास सुरू झाले. पण होळीच्या सुमारास पानांच्या कडा करपायला लागल्या. मला वाटलं, ऊन. बाबांनी एक दिवस विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं आणि थुंकलं. वैशाखात तू आलीस. झाडांच्या माथ्यावर नुसत्या काड्या. तू दिवसभर बाटल्या सोडल्यास. वरपासून खालपर्यंत सगळ्या बाटल्या एकाच चवीच्या, खाऱ्या. संध्याकाळी तू अंगणात बाबांपुढे उभी राहून म्हणालीस, "बाबा, माझं गणित चुकलं. खाली खारं पाणी अडवणारा चिकणमातीचा थर आहे असं मी धरलं होतं. तो नसंल." बाबांनी तोंड उघडलं होतं. मग म्हणाले, "होते कधीमधी," आणि उठून बैल बांधायला गेले. बैल बांधलेलाच होता. मी ते तेव्हाही पाहिलं होतं आणि मला वाटलं, लेकीला बोल लावायचा नाही म्हणून उठले असतील.

जाताना तू म्हणालीस, आता हिला काहीच करू नका, मोटर काढून ठेवा. नाल्याचं पाणी झिरपून वरचा गोड्या पाण्याचा थर पुन्हा धरला तर पाच-सहा पावसाळ्यांनी धरेल. आणि मग लगेच, "पण माझ्या बोलण्यावर आता कोण भरवसा ठेवणार." आम्ही मोटर काढली. झाडं तोडून त्यांचं सरपण झालं. लिंबाचं लाकूड जळताना आधी चरचरतं, तुला ठाऊक नसेल.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबांना कावीळ झाली. अकोल्याला नेलं, पण पोटात फार उतरली होती. देह घरी आणल्यावर एक पेपरवाला आलाच, वही काढून. मी म्हटलं, काविळीनं गेले, लिहायचं तर तेच लिहा. तो वही मिटून गेला. तू दिवस झाल्यावर गेलीस, त्यानंतर तुझं येणं म्हणजे एका सणाचं, तेही एका रात्रीचं. विहिरीकडे तू कधी फिरकली नाहीस. आणि मला कळत होतं की तू आईला टाळत नाहीस, त्या काठाला टाळतेस.

आता या महिन्यातलं सांगते. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सत्तारभाई आले. जुन्या शहरात, अकोल्याला, त्यांचं मोटरी भरायचं दुकान तू पाहिलं आहेस. बाबांची आणि त्यांची मैत्री तुझ्या जन्माआधीची. नवा पांढरा कुर्ता, दाढीला मेंदी. खुर्चीत बसेनात. म्हणाले, "भाबी, हजले जाऊन राहिलो. जायच्या आधी साऱ्यायच्या दारात जा लागते. कहासुना माफ करजा." मी म्हटलं, तुम्ही माझं काय वाईट केलं भाऊ, उलट आम्हीच तुम्हाला अर्ध्या किमतीत राबवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमचं एक माह्याजवळ हाय. खुशालरावनं कसम घातली होती. तो असता तर मी त्याच्याच हाती देल्लं असतं. आता ते घेऊन मी काब्याच्या समोर कसा उभा राहू?" मग बसले आणि पाणी न पिता सगळं सांगितलं.

ती मोटर साधी जळली नव्हती. भाषणाच्या दिवशी बाबा अमरावतीला आले होते, आचल.

पहाटेच्या एसटीनं अकोला आणि तिथून पुढे अमरावती. कोणाला सांगितलं नाही. तू बोलावलं नव्हतंस, आणि तुला वेळ नाही हे त्यांनी ऐकलं होतं. बागेला त्या दिवशी पाणी चुकवायचं नव्हतं, झाडं फुलावर होती. म्हणून जाताना त्यांनी ऑटोची तार पुन्हा जोडली. त्यांचा हिशेब असा की त्या आठवड्यात आपल्याकडे वीज दुपारी दोनच तास यायची. मोटर आपोआप दोन तास चालेल आणि वीज गेली की थांबेल. म्हणजे तू सांगितलं तेवढंच. सत्तारभाई म्हणाले, "भाबी, आमच्या इथं घड्याळापेक्षा लोडशेडिंगवर भरवसा जास्त. त्याचं काय चुकलं?" पण त्या दिवशी बाळापुरात कोणा मोठ्या माणसाची सभा होती. साऱ्या तालुक्याची वीज सकाळपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत गेलीच नाही. गावातली माणसं ट्रकात भरून सभेला नेलेली. वावरात मोटर बंद करायला कोणी नव्हतं.

इकडे बाबा तुझ्या कॉलेजच्या मोठ्या खोलीत मागच्या बाकावर बसले. तू इंग्रजीत बोलत होतीस. त्यांना शब्द कळले नाहीत. पण पडद्यावर चित्र आलं, खाली निळं, वर पिवळं, मध्ये नळी, आणि निळ्याचा ढीग नळीकडे चढत जाणारा. ते सत्तारभाईंना म्हणाले, "मी एका झटक्यात ओळखलं. पडद्यावर आपली विहीरच होती." मग कोणीतरी उठून तुला काही विचारलं. तू उत्तर देताना हसलीस आणि 'फादर' म्हणालीस. तेवढं त्यांना समजलं. शेजारच्या मुलाला त्यांनी हळूच विचारलं, काय म्हणाली ती? तो म्हणाला, "काका, तिच्या वडलाच्या विहिरीचं सांगून राहिली. म्हणे, माझे वडील कधीच विहिरीले जास्त ओढत नाहीत, वीज असली तरी मोटर बंद करतात. म्हणून आमची बाग उभी आहे." त्या मुलाला काय माहीत आपण कोणाला सांगतोय.

ते तुला भेटले नाहीत. तुझ्याभोवती साहेबलोक होते. सत्तारभाईंना ते म्हणाले, "मी गेलो असतो तर तिले थांबून माही ओळख करून द्या लागली असती. तिचं बोलणं रंगात आलं होतं." अकोल्याला पोचेस्तोवर घरची शेवटची एसटी चुकली, रात्र तिथल्या स्टँडवर काढली. सकाळी अकोल्याहून खुशीत निघाले. घरी न जाता सरळ वावरात गेले, तर विहिरीत तळ दिसत होता, बाग खाऱ्या पाण्यानं तुंबलेली आणि मोटरीतून जळका वास येत होता. त्याच दिवशी मोटर खांद्यावर घेऊन ते दुकानात गेले. सत्तारभाई म्हणाले, "माणूस रडत नव्हता, भाबी. वारंवार एकच म्हणे, तिनं येवढ्या लोकायसमोर सांगतलं का बाबा जास्त ओढत नाही. आता मी तिले काय सांगू?"

आणि वैशाखात तू अंगणात उभी राहून सगळा दोष आपल्या अंगावर घेतलास. तेव्हा सांगायचं होतं त्यांनी. सांगितलं नाही. सत्तारभाई गेल्यावर मी त्यांच्या फोटोकडे पाहून चांगलीच बोलले. तुमचा मान राहिला आणि पोरीचा हात मोडला, म्हटलं. मग फोटोवर धूळ दिसली, ती पुसली. गेलेल्या माणसाशी भांडणही धड होत नाही. त्यांनी त्या आजारातही एकदा "आचल आली का तिले सांगाचं हाय" म्हटलं होतं. तू पोचलीस तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे होते. मला वाटलं, नेहमीचं काहीतरी असेल, मफलर घाल वगैरे.

सत्तारभाई नागपूरहून विमानात बसले त्या दिवशी मी आपल्या विहिरीवर गेले. दोर आणि बादली नेली. पाणी ढवळणार नाही अशी हळू बादली सोडली, वरवरचं घेतलं. जिभेला काही लागलं नाही, पण माझी जीभ तुझ्या बाबांसारखी नाही, म्हणून घरी आणून त्यात तुरीची डाळ टाकली. तुला माहीत आहे, खाऱ्या पाण्यात आपली डाळ तासन्‌तास उकळली तरी दाणा दाणा राहते. म्हणून तर आजवर मी नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावरून स्वयंपाकाचं पाणी आणत होते. झाकण ठेवलं आणि बाजूला बसले. डाळ शिजली, आचल. फुटून एकजीव झाली. पाच-सहा पावसाळे म्हणाली होतीस, मोजून बघ. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा आणलं, पुन्हा शिजली. त्यात फोडणी घालून एकटीनं जेवले आणि तुम्हा दोघांची फार आठवण आली.

हे पत्र लिहिलं ते तुला घरी बोलवायला नाही, आलीस तर बरंच आहे. तू राजीनामा देण्याआधी एकच कर. ते जुनं गणित तुझ्याकडे कुठंतरी असेलच. कालचं बरोबर सांगितलं तरच उद्याचं विचारायचं, असं तूच म्हणाली होतीस, आणि आम्ही तुला कालचा एक दिवस दिलाच नाही. माघातला तो दिवस त्यात घाल. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मोटर चालू, विहीर तळापर्यंत. चिकणमातीचा थर होता तिथेच ठेव, तो काढू नकोस. मग चालवून पाहा बाग जळते का, आणि आज माझी डाळ शिजते का. दोन्ही बरोबर आलं, तर महिनाअखेरीला काय करायचं ते तुझं तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही. बाबांवर रागावायचं असेल तर रागाव, मीही रागावले आहे. पण त्यांनी तुझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं, तू त्यांच्याबद्दल काय बोललीस तेही ऐकलं. आणि जाताना सोबत आणलेली पिशवी त्यांनी चपराशाजवळ दिली, "मॅडमच्या खोलीत ठेव, नाव सांगू नको" म्हणून. त्या बागेतली चांगली फळं ती शेवटचीच. पुढे झाडांनी फळ धरलं नाही. तू त्यांचं सरबत केलं होतंस की नाही, ते मी तुला कधी विचारलंच नाही. तेवढं मला कळव.

तुझीच,
आई